सरस, सांधे आणि सासूबाई

दिवाळीला पंधरा दिवस उरले की आमच्या पार्ल्याच्या घरात एक वास दरवळू लागतो. तो चकलीच्या भाजणीचा, असे कोणाला वाटेल. पण भाजणी मागाहून. आधी येतो तो सासूबाईंच्या गुडघ्यांना चोळायच्या जेलचा वास. विंटरग्रीनचे तेल आणि पुदिन्याचा अर्क यांचा तो उग्र संगम एकदा घरभर पसरला की आमच्या धाकट्यालाही कळते, आजी आता पाटावर बसणार आणि सोऱ्या हातात घेणार. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. दोन्ही गुडघे झिजलेले. टेबलापाशी उभे राहून चकल्या पाडा, असे आम्ही किती वर्षे विनवतो आहोत. पण "उभ्यानं केलेली चकली मोडते" या त्यांच्या सिद्धान्तापुढे कोणाचे काही चालत नाही.

यंदा मात्र तो वास आला नाही. सकाळी केर भरताना पाहते तो जेलची जवळजवळ भरलेली ट्यूब कचऱ्याच्या डब्यात! कारण विचारले तर सासूबाई बोलेनात. शेवटी उलगडा झाला तो माझ्या नणंदेच्या मुलाकडून. हा भाचा औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि शेवटच्या वर्षाला असलेली मुले जितकी सर्वज्ञ असतात तितका तोही आहे. आदल्या संध्याकाळी येऊन तो आजीपाशी बसला आणि कौतुकाने सांगू लागला, "आजी, आमच्या कॉलेजात आम्ही सुजेवरचं जेल करतोय. माशाचं जिलेटिन घालून!"

"जेलमध्ये जिलेटिन असतं?" आजीने विचारले.

"नावच सांगतंय की! जेल म्हणजे जिलेटिन. एरवी ते गाईचं नाही तर डुकराचं असतं, म्हणून तर आम्ही माशाचं घेतोय."

आजी उठल्या, न्हाणीघरात गेल्या, साबण लावून दोन्ही गुडघे धुतले, आणि ट्यूब डब्यात टाकली. सासूबाईंनी आयुष्यात अंडे शिजलेले भांडेसुद्धा हातात घेतलेले नाही. चार दिवसांत त्यांना जिना उतरवेनासा झाला. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या देवळात जाण्याचा वर्षानुवर्षांचा नेम मोडला, आणि मी ठरवले की या प्रकरणाचा छडा लावायचाच.

आता मी पडले मराठीची प्राध्यापिका. रसायनशास्त्राशी माझा संबंध अकरावीत सुटला. तेव्हा मला येते तिथून, म्हणजे शब्दापासूनच, मी सुरुवात केली.

लॅटिन भाषेत थिजण्याला, गोठण्याला जो धातू आहे त्यापासून 'जिलेटिन' हा शब्द निघाला. टॉमस ग्रॅहॅम नावाचा एक स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ १८६० च्या सुमारास अशा थिजणाऱ्या पदार्थांचा अभ्यास करीत होता. या साऱ्या वर्गाला त्याने १८६१ मध्ये 'कोलॉइड' असे नाव दिले. ग्रीक भाषेत 'कोला' म्हणजे सरस. थोड्याच वर्षांनी त्याने जिलेटिनचे शेपूट छाटून 'जेल' हा आटोपशीर शब्द पाडला. तेव्हापासून ज्या ज्या पदार्थात सूक्ष्म धाग्यांची जाळी पाण्याला धरून ठेवते, तो तो जेल. जाळी कशाची आहे याला महत्त्व नाही. 'तेल' हा शब्द तिळापासून आला, म्हणून खोबरेल तेलात काय तीळ असतो? आपल्याकडे विहिरी खणताना सुरुंगाला 'जिलेटिनच्या कांड्या' वापरतात. आल्फ्रेड नोबेलने १८७५ मध्ये शोधलेले ते स्फोटक रबरासारखे लिबलिबीत दिसे, म्हणून त्याला ते नाव पडले. त्यात जिलेटिन औषधालासुद्धा नव्हते!

व्युत्पत्तीने एवढे सिद्ध झाले. पण सासूबाईंच्या गुडघ्याला व्युत्पत्ती चोळता येत नाही. म्हणून ट्यूब डब्यातून काढून, पुसून, भिंग घेऊन मी वाचली. डायक्लोफेनॅक डायएथिलअमाइन १.१६ टक्के, अळशीचे तेल ३ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के, मेंथॉल ५ टक्के. आणि मग तो घातकी शब्दप्रयोग: 'जेल बेस, आवश्यकतेप्रमाणे'. म्हणजे पायसात तांदूळ किती, साखर किती, वेलदोडा किती हे सारे सांगून शेवटी 'पातळ पदार्थ, लागेल तितका' असे लिहायचे, आणि तो दूध की पाणी हे सांगायचेच नाही! भाच्याला बोलावून घेतले. आता तो जरा खजील झाला होता. त्याने आपल्या सरांना विचारून आणलेले उत्तर असे: या मलमांत बहुधा 'कार्बोमर' नावाची पांढरी पूड असते. ती ॲक्रिलिक आम्लापासून कारखान्यात बनते; प्राण्याशी तिचा संबंध नाही. शेकड्याला अर्धा-एक भाग पूड पाण्यात भिजवायची, मिश्रण आंबट असते ते अल्कलीचे चार थेंब टाकून निवळायचे, की पाणी एकाएकी दाट, नितळ जेल होऊन बसते.

"मग आजीला तू असं का सांगितलंस?"

"मामी, मी आमच्या जेलबद्दल सांगत होतो!"

या जेलमध्ये मुख्य काम करते ते डायक्लोफेनॅक. स्वित्झर्लंडच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले. सूज आणि ठणका यांना कारणीभूत होणारी 'प्रोस्टाग्लँडिन' नावाची द्रव्ये शरीर स्वतःच बनवीत असते. ॲस्पिरिनच्या जातीची औषधे ती बनवण्याचे कामच रोखतात, हे जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवून दिले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला. पण हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षणही करतात. म्हणून गोळी घेतली की गुडघा शांत होतो आणि पोट पेटते. जेलचा फायदा इथेच. चोळलेल्या औषधापैकी थोडेच कातडीतून आत उतरते, आणि रक्तात जाऊन पोचते ते तर गोळीच्या मानाने शेकडा सहाच्या आसपास. औषध सांध्यापाशी राहते, पोटाच्या वाटेला फारसे जात नाही. वृद्ध माणसांना डॉक्टर आधी जेल लावायला सांगतात ते यासाठी. फुटलेल्या कातडीवर लावू नये, आणि मूत्रपिंडाचा विकार किंवा ॲस्पिरिनने दमा उठण्याची खोड असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, एवढे मात्र लक्षात ठेवावे. मेंथॉलचे काम निराळे. ते गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवते. गुडघा थंड झालेला नसतो, त्याला तसे वाटते एवढेच. ठणकत्या गुडघ्याला तेही पुष्कळ.

(हेच डायक्लोफेनॅक गुरांना टोचल्यामुळे आपल्या देशातली गिधाडे नाहीशी झाली. औषध दिलेल्या जनावराचे शव खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. २००४ मध्ये कारण उमगले, २००६ मध्ये गुरांसाठी त्याचा वापर बंद झाला. पण गेलेली गिधाडे काही परत आलेली नाहीत. मुंबईच्या पारशी समाजाला त्यांची उणीव किती भासली ते मलबार हिलवर विचारावे.)

असो. सासूबाईंची ट्यूब निर्दोष ठरली. पण तोवर मला त्या माशाच्या जिलेटिनचे कुतूहल लागून राहिले होते, आणि त्याला घरगुती कारण होते. माझे माहेर मालवणचे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मासे उंबऱ्याबाहेर राहिले. माहेरी गेले की खाते, इथे त्याविषयी बोलत नाही. आईकडे रात्री उरलेले सुरमईच्या डोक्याचे सार फ्रिजमध्ये ठेवले की सकाळी ते पातेल्यात थरथरत असे. पळी घातली तर वडी पडावी असे. चुलीवर ठेवले की क्षणात पुन्हा पाणी. आई त्याला 'थिजला' एवढेच म्हणे. ते थिजणे म्हणजे जिलेटिन, हे कळायला मला इतकी वर्षे लागली.

प्राण्याच्या कातडीत, हाडांत, स्नायूंच्या दोऱ्यांत 'कोलॅजन' नावाचे प्रथिन असते. या शब्दातही तोच ग्रीक 'कोला', म्हणजे सरस. तीन पेडांच्या वेणीसारखी त्याची घडण. गरम पाण्यात ती वेणी सुटते आणि पेड मोकळे होतात, ते जिलेटिन. पाणी निवले की पेड पुन्हा एकमेकांना धरू पाहतात; पहिल्यासारखी वेणी होत नाही, जागोजागी गाठी पडतात, आणि त्या गाठींच्या जाळीत पाणी अडकते. माशाच्या कातडीपासून ते काढायची रीतही फार अवघड नाही. कातडी धुऊन आधी सौम्य कॉस्टिक सोड्याच्या, मग सौम्य ॲसेटिक आम्लाच्या पाण्यात ठेवायची, म्हणजे ती फुगते. मग साधारण ४५ अंशांच्या कोमट पाण्यात काही तास ठेवून अर्क उतरवायचा, गाळायचा आणि वाळवायचा. गुराच्या कातड्याला चुन्यात कित्येक आठवडे भिजावे लागते. माशाची कातडी नाजूक, ती लवकर वश होते.

तसा हा उद्योग जुनाच आहे. रशियातल्या स्टर्जन माशाच्या पोटातली वाताची पिशवी वाळवून तिचा उत्तम सरस करीत, आणि दारू नितळ करण्यासाठीही ती वापरीत. अठराव्या शतकात युरोपात रेशमी कापडावर हा सरस फासून त्याच्या पट्ट्या करीत आणि लहानसहान जखमांवर चिकटवीत. दरबारी स्त्रिया गालावर शोभेचे काळे तीळ चिकटवीत त्यांवरून त्या पट्टीला 'दरबारी पट्टी' अशा अर्थाचे नाव पडले. म्हणजे माशाचा सरस माणसाच्या कातडीला लावण्याची कल्पना भाच्याच्या कॉलेजची नव्हे, हे त्याला मी मुद्दाम ऐकवले. आपल्या कोळी बांधवांना त्या पिशवीचे मोल वेगळे सांगायला नको. घोळ माशाची ती पिशवी, जिला 'भोत' म्हणतात, वाळवून परदेशी जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका नौकेला एका फेरीत १५७ घोळ मिळाले, आणि त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये झाले ही बातमी पुष्कळांना आठवत असेल. ते पैसे मुख्यतः भोताचे.

पण मग, माशाचे जिलेटिन इतके सोपे, तर सगळे जग गुराढोरांच्या मागे का लागले? याचे उत्तर आईच्या पातेल्यातच होते. फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवले की ते सार पाघळे. जिलेटिनच्या पेडांना ताठपणा येतो तो प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन या दोन घटकांमुळे. गुराडुकरांच्या जिलेटिनमध्ये त्यांचे प्रमाण शंभरात तीसच्या आसपास. उष्ण पाण्यातल्या माशांत बावीस ते पंचवीस. आणि बर्फाळ समुद्रातल्या कॉडमध्ये अवघे सतरा. मासा ज्या पाण्यात राहतो त्या पाण्याइतकीच ऊब त्याच्या कोलॅजनला सोसते. कॉडचे जिलेटिन दहाएक अंशांच्या खाली गेल्याशिवाय थिजतच नाही. आपल्या चिलापीच्या जातीच्या माशाचे पंचविशीपर्यंत तग धरते. गुराचे तिशीच्या आसपास वितळते. आणि आपली कातडी? तिचे तापमान असते साधारण ३२ अंश. म्हणजे नुसते माशाचे जिलेटिन घालून केलेले जेल गुडघ्यावर लावाल तर ते ओघळून पोटरीवर येणार, आणि मे महिन्यात नागपूरच्या दुकानात ठेवाल तर ट्यूबमध्ये नुसते पाणी. भाच्याने पुढे कबूल केले की त्यांचा पहिला घाणा असाच गेला. शनिवारी बाटली फ्रिजबाहेर राहिली, आणि सोमवारी ऑक्टोबरच्या उन्हाने तिचे सार करून ठेवले होते. शिवाय कुबट वास! प्रथिन आणि पाणी एकत्र आले की जंतूंची पंगत बसायला वेळ लागत नाही. परिरक्षक द्रव्य घालायचे राहिले होते.

यावर उपाय एकच: पेडांना पेड कायमचे बांधून टाकणे, म्हणजे ऊब लागली तरी जाळी सुटणार नाही. आणि हा उपाय जुन्या छापखान्यांना चांगला ठाऊक होता, हे वाचून मला गंमत वाटली. पूर्वी मासिकांत छायाचित्रे छापायची तर तांब्याच्या पत्र्यावर हाफटोन ठसा करीत. त्या पद्धतीत पत्र्यावर माशाचा सरस आणि बायक्रोमेट यांचे मिश्रण फाशीत आणि निगेटिव्हमधून त्यावर प्रकाश टाकीत. जिथे प्रकाश पडे तिथला सरस कायमचा घट्ट होई. उरलेला पाण्याने धुऊन जाई, आणि उघड्या तांब्याला आम्ल खाई. तीच गत चलच्चित्रांची. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने प्रकाशचित्रणाच्या काचेवर चांदीचे क्षार धरून ठेवायला जिलेटिन सुचवले, आणि पुढे फिल्मवरही तेच आले. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पाहून ज्यांनी पडद्याला हात जोडले असतील, त्यांनी काय काय पाहिले याचा हिशेब आता कोणी मांडू नये.

बायक्रोमेट काही माणसाच्या गुडघ्याला लावता येत नाही, ते विषारी. म्हणून संशोधक दुसरे बांधणारे पदार्थ शोधतात. त्यांतला एक 'जेनिपिन'. तो गार्डेनियाच्या फळापासून मिळतो. गार्डेनिया म्हणजे आपल्या परसातला अनंत. दुसरा मार्ग म्हणजे प्रथिनांचे धागे एकमेकांना जोडणारे एक एन्झाइम. तिसरी युक्ती मिश्रणाची: माशाच्या जिलेटिनला कोळंबीच्या टरफलांतून काढलेल्या कायटोसनची किंवा समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटची जोड द्यायची. मग त्या जाळीत डायक्लोफेनॅक किंवा तसलेच औषध भरून, एका पडद्यातून ते तासागणिक किती झिरपते हे मोजायचे. भाच्याचे सध्या हेच चालले आहे. जाळी सैल असेल तर औषध धावत सुटते. फार घट्ट बांधली तर आतच बसून राहते. सगळे कसब त्यामधला बेत साधण्यात. आमच्याकडे भाजणीत पाणी किती, मोहन किती, याचाच हा भाऊ.

इतका खटाटोप कशासाठी, असे मी त्याला विचारले. कारणे तीन दिसतात. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गाईंना मेंदूचा एक भयंकर रोग झाल्याचे आढळले आणि १९९६ मध्ये त्याचा माणसांच्या आजाराशी संबंध जाहीर झाला. तेव्हापासून गाईच्या हाडाकातड्यांच्या औषधी वापराकडे जग संशयाने पाहू लागले. दुसरे कारण धर्माचे. डुकराचे मुसलमानांना आणि यहुद्यांना चालत नाही, गाईचे हिंदूंना. मासा मात्र पुष्कळांना चालतो. (सासूबाईंना नाही, आणि आमच्या गुजराती शेजाऱ्यांनाही नाही.) आणि तिसरे कारण मला सर्वांत पटते: मासळी कापणाऱ्या कारखान्यांतून कातडी, खवले, काटे यांचे ढीग वाया जातात. कोचीला १९५७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यतंत्रज्ञान संस्था या टाकाऊ मालातून कोलॅजन, जिलेटिन, कायटोसन असे मोलाचे पदार्थ काढण्याचे काम करीत आली आहे. तिचे एक केंद्र आपल्या वाशीलाही आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण जाहिरातींत तिचा फार विपर्यास होतो. जेलमधले जिलेटिन कातडीच्या आत जात नाही. कातडीच्या बाहेरच्या मृत थरातून पाझरायचे तर रेणू लहान लागतो. पाचशेपेक्षा अधिक रेणुभाराचे पदार्थ सहसा बाहेरच अडतात. डायक्लोफेनॅकचा भार तीनशेच्या आत, म्हणून ते उतरते. जिलेटिनच्या पेडाचा भार हजारांत आणि लाखांत. ते पालखीच्या भोयासारखे. देवाला दारापर्यंत आणायचे आणि बाहेर थांबायचे. तेव्हा 'माशाचे कोलॅजन चोळा आणि सांध्यांचे कोलॅजन भरून काढा' असे कोणी सांगू लागला तर पाकीट खिशात ठेवावे. माशाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर अशा वस्तूंपासून जपूनच असावे.

जखमेची गोष्ट वेगळी, कारण तिथे कातडी नसतेच. ब्राझीलमध्ये फोर्टालेझा शहरात डॉक्टरांनी निर्जंतुक केलेली तिलापियाची अख्खी कातडी भाजलेल्या रोग्यांच्या अंगावर पट्टीसारखी लावली. तिलापिया म्हणजे आपल्या उजनी धरणातल्या चिलापीचीच बिरादरी. भाजलेल्या माणसाची पट्टी रोज बदलणे म्हणजे काय यातना असतात ते ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच कळेल. ही कातडी जखमेला चिकटून राहते, तिला रोज सोलावे लागत नाही. आइसलँडच्या इसाफ्योर्दुर या चिमुकल्या बंदरगावातल्या एका कंपनीने कॉडच्या कातडीचे असेच आच्छादन केले. २०१३ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि २०२३ मध्ये ती कंपनी १ अब्ज ३० कोटी डॉलरपर्यंतच्या मोलाला विकली गेली. सुजेवरच्या जेलला अजून ते दिवस आलेले नाहीत. औषधांच्या दुकानांत मी पाहिलेल्या एकाही ट्यूबवर माशाच्या जिलेटिनचा उल्लेख मला आढळला नाही.

इतकी सारी माहिती गोळा करून, विजयी मुद्रेने मी सासूबाईंच्या खोलीकडे निघाले. ट्यूब हातात होती. आणि टेबलावर त्यांच्या औषधांचा डबा उघडा होता. त्यात 'ड' जीवनसत्त्वाच्या त्या मऊ, चकचकीत, पारदर्शक कॅप्सूल. दर रविवारी सकाळी दुधाबरोबर एक. मी स्वतः हातावर ठेवते. गेली सहा वर्षे.

मी तिथेच थांबले. दहा दिवस मी जिलेटिनच वाचत होते. मऊ कॅप्सूलची कातडी कशाची असते हे आता मला कोणी सांगायला नको होते. भिंग होतेच. पाकिटाच्या मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, ते लिहिलेलेही होते. कोणत्या प्राण्याचे, ते नव्हते. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो. औषधाच्या पाकिटावर तो शोधून सापडत नाही. म्हणजे जी निर्दोष होती ती ट्यूब त्यांनी फेकली, आणि जिच्यात खरोखर जिलेटिन होते ती कॅप्सूल मी त्यांना सहा वर्षे भरवली.

सांगावे की नाही? यजमान म्हणाले, "गप्प बस. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिच्या जिवाला घोर कशाला?" भाचा म्हणाला, "मामी, ते पचून कधीच संपलंय." दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. पण दोघेही आपापल्या कामाला निघून गेले, आणि रविवार दोन दिवसांवर होता. त्या दिवशी पुन्हा ती कॅप्सूल माझ्याच हाताने द्यायची होती. आधी माहीत नव्हते, आता होते.

औषधवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "बाई, याचीच पूड मिळते, पुडीत. दुधात घालून द्या." इतके सोपे! सहा वर्षांत आम्ही विचारलेच नव्हते. (हे जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात, हेही मी वाचले होते. लोकर पांघरतोच आपण. तिथे मी माझ्यापुरते थांबले.)

शनिवारी दुपारी मी त्यांना सगळे सांगितले. ट्यूबचे आधी, कॅप्सूलचे मागून. त्या तांदूळ निवडीत होत्या. हात थांबला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "किती वर्षं म्हणालीस?"

"सहा."

"तुला ठाऊक होतं?"

"नाही हो आई. परवा कळलं."

"परवा कळलं आणि आज सांगतेस." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "मधला एक दिवस काय करत होतीस?"

मी काय उत्तर देणार? म्हटले, "सांगू की नको, ते ठरवत होते."

"ते मी ठरवायचं होतं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "त्याचं ते माशाचं जेल झालं की मला दाखवायला सांग त्याला. लावणार नाही मी. पण पाहीन. पोरगा खपतोय त्यावर."

दुसऱ्या दिवशी दुधातून पुडी दिली. त्यांनी पेला नाकाशी नेऊन हुंगला, माझ्याकडे पाहिले आणि प्याल्या. सोमवारी सकाळी मी कॉलेजला निघत होते, तर स्वयंपाकघरातून तो उग्र वास आला. पाट मांडलेला, भाजणी भिजवलेली, सोऱ्याला तेलाचा हात फिरवलेला. त्या पाय लांब करून गुडघ्याला जेल चोळत होत्या.

"हात धुतल्याशिवाय पिठाला लावू नका हं," मी दारातून म्हटले.

"मला शिकवतेस?" त्या म्हणाल्या. "आणि येताना नवी ट्यूब आण. ही डब्यातनं काढलेली आहे."